पायाखालचे स्मारक

स्मारक म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे बहुधा दगडाची एखादी वास्तू उभी राहते. चौथरा, त्यावर खांब, खांबावर कोरलेली अक्षरे, आणि वर्षातून एकदा वाहिलेली फुले. आपल्याकडे सातारा, कोल्हापूर, रत्नागिरी या भागांत हिंडताना एखाद्या गावी चावडीच्या नाही तर शाळेच्या भिंतीत बसवलेली लहानशी संगमरवरी पाटी आपण पाहिली असेल. या गावातून १९१४ ते १९१९ च्या महायुद्धात इतके लोक गेले, त्यांपैकी इतक्यांनी प्राण दिले, एवढाच तिच्यावरचा मजकूर. नावे नाहीत, नुसते आकडे. मेसोपोटेमियात कुतच्या वेढ्यात मराठा पलटणी उपाशी झुंजल्या, त्या लढाईची आठवण गावात उरली ती त्या दोन आकड्यांपुरती.

त्याच युद्धातून जिवंत परतलेल्या दुसऱ्या काही माणसांनी, येथून हजारो मैल दूर, आपल्या मेलेल्या सोबत्यांसाठी एक निराळेच स्मारक बांधले. त्याला चौथरा नाही, खांब नाही. ते पाहायला थांबावे लागत नाही. किंबहुना त्यावरून पुढे जात राहणे हाच ते पाहण्याचा मार्ग! कारण ते स्मारक म्हणजे एक रस्ता आहे. ऑस्ट्रेलियातील व्हिक्टोरिया राज्याच्या दक्षिण किनाऱ्याने जाणारा हा ‘ग्रेट ओशन रोड’. जगातील सर्वांत लांब युद्धस्मारक, असे त्याचे वर्णन नेहमी केले जाते. आता आपण म्हणाल, जे रोज पायदळी तुडवायचे, ते स्मारक कसे? प्रश्न रास्त आहे, आणि आजच्या या लेखात मला त्याच प्रश्नाचा थोडा मागोवा घ्यायचा आहे.

आधी हा रस्ता कुठून कुठे जातो ते पाहू. व्हिक्टोरियाची राजधानी मेलबर्न. तेथून नैर्ऋत्येला सुमारे १०० किलोमीटरवर टॉर्की नावाचे समुद्रकाठचे गाव आहे. तेथे हा रस्ता सुरू होतो आणि २४३ किलोमीटर पश्चिमेकडे जाऊन वॉर्नाम्बूल शहराच्या अलीकडे अ‍ॅलन्सफर्ड येथे संपतो. टॉर्कीनंतर अँगलसी, एअरीज इनलेट, ईस्टर्न व्ह्यू, लॉर्न, वाय रिव्हर अशी गावे एकामागून एक लागतात. डाव्या हाताला समुद्र आणि उजव्या हाताला ऑटवे डोंगराचा कडा, अशा बेचक्यातून रस्ता वळणे घेत जातो. खंडाळ्याचा घाट उचलून समुद्राच्या काठी आडवा ठेवला तर कसे दिसेल, तसे काहीसे समजा. एका बाजूने डोंगराची माती अंगावर येते, दुसऱ्या बाजूला खाली लाट फुटत असते.

पुढे अपोलो बे हे गाव लागते. नाव ऐकून आपल्याला मुंबईचे अपोलो बंदर आठवेल. पण दोघांचा संबंध काही नाही बरं का! वादळात येथे आसऱ्याला आलेल्या ‘अपोलो’ नावाच्या जहाजावरून हे नाव पडले. येथून रस्ता समुद्राची साथ सोडून ऑटवेच्या दाट अरण्यात शिरतो. निलगिरीच्या जातीचे गगनाला भिडणारे वृक्ष, खाली माणसाच्या डोक्यावर छत्री धरतील असे उंच नेचे, आणि सदाची ओल. लेव्हर्स हिलचा चढ ओलांडला की रस्ता पुन्हा उतरतो आणि प्रिन्सटाउननंतर चुनखडीच्या उभ्या कड्यांवर येतो. ‘ट्वेल्व्ह अपॉसल्स’ म्हणजे ‘बारा प्रेषित’ नावाचे ते प्रसिद्ध सुळके येथेच समुद्रात उभे आहेत. नाव बारांचे, पण नाव पडले तेव्हाही ते बारा नव्हते, हीही एक गंमतच.

हा सगळा किनारा शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वी एका अर्थाने बंद होता. लॉर्नला जायचे तर आतल्या बाजूने डोंगर ओलांडून खडबडीत वाटेने घोडागाडीतून जावे लागे. अपोलो बेचा मालही मुख्यतः समुद्रानेच ये-जा करी. आणि समुद्र तर असा, की त्याला जहाजांचे स्मशानच म्हणावे. केप ऑटवेचे दीपगृह १८४८ पासून तेवत होते, तरीही जहाजे फुटतच राहिली. १ जून १८७८ च्या पहाटे इंग्लंडहून मेलबर्नला निघालेले ‘लॉक आर्ड’ हे जहाज पोर्ट कॅम्पबेलजवळ खडकावर आदळले. त्यावर ५४ माणसे होती. वाचली फक्त दोन, एक उमेदवार खलाशी आणि एक तरुणी. या काठाला जमिनीवरून जाणारी वाट हवी, हे लोकांना पटवून देण्याची गरज नव्हती. प्रश्न होता पैशांचा आणि हातांचा.

ते हात युद्धाने दिले. पहिल्या महायुद्धात ऑस्ट्रेलियातून चार लाखांहून अधिक माणसे सैन्यात दाखल झाली, आणि तीही आपखुशीने. सक्तीच्या भरतीबद्दल १९१६ आणि १९१७ मध्ये दोनदा लोकमत घेतले गेले व दोन्ही वेळा लोकांनी ‘नको’ म्हणून सांगितले. पन्नास लाखांपेक्षाही कमी वस्तीच्या त्या देशातील सुमारे ६० हजार माणसे परत आली नाहीत. त्यांची प्रेतेही परत आली नाहीत. गॅलिपोलीच्या टेकड्यांवर, फ्रान्स आणि बेल्जियमच्या चिखलात जेथे पडले तेथेच त्यांना पुरण्यात आले. (गॅलिपोलीला २५ एप्रिल १९१५ रोजी ऑस्ट्रेलियन शिपाई उतरले, तेव्हा त्यांच्याबरोबर खेचरांवर तोफा लादलेली हिंदी पहाडी तोफखान्याची दलेही होती, हे येथे जाता जाता सांगून ठेवतो.) घरच्यांना माती द्यायलाही काही उरले नव्हते. म्हणून त्या देशात गावोगाव स्मारके उभी राहिली. ती एका परीने थडगीच होती, थडग्यात कोणी नसलेली.

अशा वेळी विल्यम काल्डर या गृहस्थांच्या मनात ही कल्पना आली. १९१३ साली स्थापन झालेल्या व्हिक्टोरियाच्या ग्रामीण रस्ते मंडळाचे ते अध्यक्ष होते. युद्ध चालू असतानाच त्यांनी सरकारच्या युद्धसमितीपुढे मांडले, की परत येणाऱ्या शिपायांना काम तर द्यावेच लागणार. मग विरळ वस्तीच्या भागातील रस्त्यांवर ते का देऊ नये? त्यात किनाऱ्याने जाणाऱ्या रस्त्याचा आराखडाही होता. ही कल्पना उचलून धरली ती जिलाँग शहराचे नगराध्यक्ष हॉवर्ड हिचकॉक यांनी. हे मूळचे व्यापारी. १९१८ साली त्यांनी ‘ग्रेट ओशन रोड ट्रस्ट’ स्थापन केला, स्वतःच्या खिशातून ३ हजार पौंड घातले, वर्गण्या गोळा केल्या, कर्ज उभारले. हिशेब सरळ होता. रस्ता झाला की वाहनांकडून टोल घ्यायचा, कर्ज फेडायचे, आणि फिटले की रस्ता सरकारला दान करून मोकळे व्हायचे. पण हिचकॉक यांनी त्यात एक गोष्ट आणखी घातली. हा रस्ता नुसता सोयीचा नव्हे, तो युद्धात पडलेल्यांचे स्मारक असेल, आणि त्यांच्याबरोबर लढलेली माणसेच तो बांधतील.

ऑगस्ट १९१८ मध्ये मोजणी सुरू झाली. झाडी इतकी दाट आणि कडा इतका उभा, की महिनाभर खपून जेमतेम ३ किलोमीटरची आखणी होई. १९ सप्टेंबर १९१९ रोजी मुख्यमंत्री हॅरी लॉसन यांच्या हस्ते पहिला सुरुंग उडवून प्रत्यक्ष कामाला प्रारंभ झाला. पुढील तेरा वर्षांत सुमारे ३ हजार माजी शिपाई या कामावर येऊन गेले.

त्यांचे काम कसे होते? आजच्यासारखी अवजड यंत्रे नव्हती. टिकाव, फावडी, पहारी, हातगाड्या, घोड्यांच्या गाड्या आणि सुरुंगाची दारू. कड्याच्या पोटात पायरीसारखी खाच मारायची, फुटलेला दगड खाली समुद्रात लोटायचा, आणि त्या खाचेतून पुढे सरकायचे. आठ तासांच्या दिवसाला साडेदहा शिलिंग मजुरी. शनिवारी अर्धा दिवस काम. राहायला तंबू, जेवायला सगळ्यांचा मिळून एक मोठा तंबू, आणि जेवणाचा खर्च आठवड्याला दहा शिलिंगांपर्यंत. छावणीत वर्तमानपत्रे येत, ग्रामोफोन होता, इतकेच काय, एक पियानोही होता! ओल्या डोंगरात, तंबूत, दिवसभर दगड फोडलेल्या बोटांनी कोणी तरी पियानो वाजवतो आहे, हे चित्र मला तरी विसरता येत नाही. पण दुसरेही एक चित्र मनात येते. जी माणसे तोफांच्या आवाजातून कशीबशी सुटून आली, तीच येथे रोज सुरुंगांचा आवाज ऐकत होती. फरक एवढाच, की या स्फोटाने कोणी मरायचे नव्हते. वाट निघायची होती.

आता थोडी हसण्याची गोष्ट. १९२४ साली ‘कॅसिनो’ नावाची आगबोट केप पॅटनजवळ खडकावर अडकली. बोट हलकी करण्यासाठी खलाशांनी तिच्यावरची बियरची ५०० पिंपे आणि कडक दारूच्या १२० पेट्या समुद्रात लोटून दिल्या. लाटांनी त्या इमानेइतबारे काठाला आणून पोचवल्या. काठावर कोण होते, हे सांगायला नकोच. पुढचे दोन आठवडे रस्त्याचे काम बंद होते, असे सांगतात. मुकादमाने मस्टरवर काय लिहिले असेल, देव जाणे!

१८ मार्च १९२२ रोजी ईस्टर्न व्ह्यू ते लॉर्न हा पहिला टप्पा उघडला. पण तो अजून कच्चा होता. दोनेक महिन्यांत दुरुस्तीसाठी बंद करावा लागला आणि त्याच वर्षी डिसेंबरात, टोल लावून, पुन्हा सुरू झाला. मोटारीला दोन शिलिंग. दोनांहून अधिक घोडे जुंपलेल्या मालगाडीला मात्र दहा! पुढे मंदीचा काळ आला, तेव्हा शिपायांच्या जोडीला बेकार माणसेही कामावर आली. शेवटचा अवघड तुकडा लॉर्न ते अपोलो बे. तो पुरा झाला आणि २६ नोव्हेंबर १९३२ रोजी लॉर्न येथे रस्त्याचे उद्घाटन झाले. त्या दिवशीच्या मिरवणुकीत प्रभारी गव्हर्नरांच्या मोटारीमागे हिचकॉक यांची मोटार होती. पण हिचकॉक तीत नव्हते. तीन महिन्यांपूर्वी, २२ ऑगस्टला, त्यांचे निधन झाले होते. आणि गंमत म्हणावी की योगायोग, दारू वाटून गेलेली ती ‘कॅसिनो’ बोटही त्याच वर्षी, जुलैमध्ये, अपोलो बेच्या धक्क्यापाशी बुडाली. कप्तानासह दहा जण गेले. समुद्राची वाट आणि जमिनीची वाट यांच्या हिशेबातील हा अखेरचा आकडा, असे म्हणायला हरकत नाही.

ठरल्याप्रमाणे २ ऑक्टोबर १९३६ रोजी ट्रस्टने रस्ता सरकारच्या स्वाधीन केला आणि टोल उठला. दिलेला शब्द पाळला गेला. टोलचे नाके एकदा बसले की उठत नाहीत, असा आपला अनुभव. म्हणून मुद्दाम सांगतो.

आता मूळ प्रश्नाकडे वळू. पायदळी तुडवायचे ते स्मारक कसे?

मराठी माणसाला याचे उत्तर खरे तर ठाऊक आहे. पंढरपूरला विठ्ठलाच्या महाद्वारी जी पहिली पायरी आहे, तिला आपण नामदेवाची पायरी म्हणतो. संतांचे पाय आपल्याला लागावेत म्हणून नामदेवांनी तेथे समाधी घेतली, अशी परंपरेची श्रद्धा आहे. वर उंच बसून नमस्कार घेण्यापेक्षा येणाऱ्या-जाणाऱ्याच्या पायाखाली राहावे, ही इच्छा आपल्याला चमत्कारिक वाटत नाही, उदात्त वाटते. हिचकॉक यांना नामदेव माहीत असण्याचे कारण नाही. पण जी माणसे दूरच्या मातीत नाहीशी झाली, त्यांच्या नावाने जिवंतांना चालायला वाट द्यावी, यातली भावना त्या पायरीपासून फार लांबची नाही.

तरीही इतिहासाच्या अभ्यासकाने येथे थोडे थांबले पाहिजे. कारण पायरीचे नाव प्रत्येक वारकऱ्याला ठाऊक असते. रस्त्याचे तसे होत नाही. रस्ता जितका उपयोगी, तितका तो लवकर विसरला जातो. आज या रस्त्याने दरवर्षी लाखो प्रवासी जातात. सुळक्यांची छायाचित्रे घेतात, लाटांवर फळी घेऊन खेळणाऱ्यांना पाहतात, झाडावर झोपलेला कोआला दिसला की गाड्या थांबवतात. ईस्टर्न व्ह्यू येथे रस्त्यावर लाकडी स्मारक-कमान आहे आणि तिच्याजवळ २००७ साली, रस्त्याला ७५ वर्षे झाली तेव्हा, त्या कामगार शिपायांचे ब्राँझचे शिल्प बसवले. म्हणजे काय झाले पाहा. रस्ता हेच स्मारक होते, पण ते स्मारक आहे याची आठवण द्यायला दुसरे स्मारक उभारावे लागले!

आणि ज्यांचे स्मारक झालेच नाही, त्यांचे काय? या काठावर रस्ता नव्हता म्हणजे वाटा नव्हत्या असे नाही. पूर्वेकडे वाडावुरंग आणि ऑटवेच्या परिसरात गडुबानुद हे आदिवासी समाज हजारो वर्षे राहत होते. कुठल्या ओढ्याने उतरायचे, कुठल्या खडकावर शिंपले मिळतात, हे त्यांना ठाऊक होते. १८४६ साली या भागात मोजणीसाठी गोऱ्यांची एक तुकडी आली. तिच्यातला एक माणूस मारला गेला. त्याचा सूड म्हणून एअर नदीच्या मुखाजवळ गडुबानुदांच्या छावणीवर हल्ला करून कित्येकांना ठार करण्यात आले. त्या काठावर पुढे रस्त्यासाठी मोजणीची साखळी पडली, तेव्हा ही आठवण कोणाला नव्हती, किंवा असली तरी कोणी काढली नाही. परदेशात पडलेल्यांसाठी २४३ किलोमीटरचे स्मारक, आणि त्याच मातीत पडलेल्यांसाठी दगडसुद्धा नाही. असे म्हणताना त्या शिपायांचा दोष काढायचा नाही. स्मारक बांधणारा आपल्या माणसांना आठवतो. बाकीच्यांना आठवण्याचे काम मागाहून येणाऱ्यांचे असते.

ते काम अलीकडे थोडे सुरू झाले आहे. २०११ साली हा रस्ता ऑस्ट्रेलियाच्या राष्ट्रीय वारशाच्या यादीत आला. २०२० साली व्हिक्टोरियाच्या विधिमंडळाने या रस्त्यासाठी आणि त्याच्या परिसरासाठी स्वतंत्र संरक्षण कायदा केला. त्यात हा सारा टापू एक जिवंत, एकसंध निसर्गसृष्टी मानला आहे, आणि तेथील मूळ समाजांचे स्थान मान्य केले आहे. कागदावरचे शब्द प्रत्यक्षात किती उतरतात ते काळ ठरवील. पण आठवणीचा परीघ रुंदावला, हे नाकारता येणार नाही.

या रस्त्याला आणखी एक शत्रू आहे, तो म्हणजे निसर्ग. चुनखडीचा तो काठ समुद्र सतत खात असतो. १५ जानेवारी १९९० रोजी ‘लंडन ब्रिज’ नावाच्या नैसर्गिक कमानीचा जमिनीला जोडलेला भाग कोसळला आणि पलीकडे अडकलेल्या दोन प्रवाशांना हेलिकॉप्टरने सोडवावे लागले. ३ जुलै २००५ रोजी ‘बारा प्रेषितां’पैकी एक सुळका पाहता पाहता ढासळला. १६ फेब्रुवारी १९८३ च्या भीषण वणव्यात ईस्टर्न व्ह्यूची ती कमान जळून गेली. ती पुन्हा उभारली. २०१५ च्या नाताळात वाय रिव्हर आणि शेजारच्या सेपरेशन क्रीक येथे वणव्याने ११६ घरे जाळली, आणि पुढच्याच वर्षी पावसात उघड्या पडलेल्या डोंगराच्या दरडी रस्त्यावर आल्या. दगडी स्मारक एकदा बांधले की बांधले. रस्त्याचे तसे नाही. दरड काढा, भराव घाला, कठडा बांधा, हे दर पिढीला करावे लागते.

मला वाटते, आपल्या प्रश्नाचे खरे उत्तर येथे आहे. रस्ता स्मारक होतो तो त्यावरून माणसे जातात म्हणून नव्हे. तो राखावा लागतो म्हणून. जी आठवण राखण्यासाठी कोणालाही हात हलवावा लागत नाही, ती दगडात राहते, माणसांत राहत नाही. प्रत्येक पावसाळ्यानंतर जेथे फावडे घेऊन कोणी तरी उतरते, तेथे १९१९ चे ते काम अजून चालूच असते.

मेलबर्नमध्ये आज मराठी कुटुंबांची वस्ती बरीच आहे. आपला मुलगा, पुतणी, भाचा तेथे असेल, तर ते आपल्याला एके दिवशी गाडीत बसवून या रस्त्याने नेतील. समुद्र अवश्य पाहा, तो पाहण्यासारखाच आहे. पण लॉर्नच्या पुढच्या एखाद्या वळणावर क्षणभर डोंगराच्या बाजूलाही पाहा. दगडावर टिकावाने मारलेली खाच आपल्या चाकांखाली आहे, हे ध्यानात घ्या. आणि परत आल्यावर, आपल्या गावच्या चावडीच्या भिंतीतली ती संगमरवरी पाटी असलीच, तर तिच्यावरची धूळ पुसा. त्या आकड्यांत कोणाकोणाची नावे होती, हे सांगू शकेल असे एखादे म्हातारे माणूस अजून गावात असेल. त्याला विचारून ठेवा.